शीट ४७ एल/७ : आमच्या खोऱ्याचा नकाशा आणि त्यावरच्या खुणांचं वय

मंडळाच्या गेल्या बैठकीत एका तरुण सभासदाने मोबाईलवर जुन्या नकाशाचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "सर, यात निपाणी कुठल्या राज्यात दाखवलीय तेवढं सांगा, म्हणजे वादच मिटला." दहा-बारा जण भोवती गोळा झाले. मी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि नकाशाचा समास शोधू लागलो. समास फोटोत नव्हताच. कुणीतरी नेमका तेवढाच भाग कापून मधलं चित्र पुढे पाठवलं होतं. मी विचारलं, "राज्याचं नंतर बघू. हा मोजला कधी आणि छापला कधी, ते आधी सांग." त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मी सीमाभागातल्या एका हायस्कुलात बरीच वर्षं भूगोल शिकवला. टोपोशीट कसं वाचायचं हे पोरांना सांगताना चिन्हं पाठ करून घेतली, पण 'ही खूण इथं कधी आली?' हा प्रश्न मी स्वतःलाही फार उशिरा विचारला. नकाशा एका दिवसात आणि एका हाताने होत नाही. त्यावरचा डोंगर एका सालातला असतो, विहीर दुसऱ्या सालातली, आणि सीमारेषा तिसऱ्याच सालातली. आपल्या खोऱ्यांच्या बाबतीत तर १९५० ते १९८० या तीस वर्षांत मापं बदलली, सीमा बदलली आणि पाणीही बदललं. म्हणून जुनं शीट हातात घेणाऱ्याने आधी खुणांचं वय ओळखायला शिकलं पाहिजे. ते कसं, एवढंच या टिपणात सांगायचं आहे.

आपण कोणत्या शीटवर राहतो?

सर्व्हे ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभाग, १७६७ साली सुरू झाला. त्यांची जुनी क्रमांकपद्धत वाटते तेवढी अवघड नाही. चार अंश लांब आणि चार अंश रुंद अशा चौकोनाला एक आकडा. त्याचे सोळा भाग केले, त्यांना ए ते पी ही अक्षरं. प्रत्येक भाग एक अंशाचा. त्याचे पुन्हा सोळा तुकडे, त्यांना १ ते १६ आकडे. प्रत्येक तुकडा १५ मिनिटांचा. हा शेवटचा तुकडा म्हणजे आपलं ओळखीचं टोपोशीट. अक्षरं आणि आकडे वरून खाली उतरतात, मग पूर्वेकडच्या शेजारच्या रांगेत पुन्हा वरून खाली. आपल्या अक्षांशावर असं एक शीट उत्तर-दक्षिण सुमारे साडेसत्तावीस किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम पावणेसत्तावीस किलोमीटर मुलुख व्यापतं. म्हणजे साधारण ७४० चौरस किलोमीटर.

आता आपली गावं बघा. निपाणी ४७ एल/७ मध्ये. कागल आणि कोगनोळी त्याच्या वरच्या ४७ एल/६ मध्ये. गडहिंग्लज खालच्या ४७ एल/८ मध्ये. चिकोडी पूर्वेला ४७ एल/११ मध्ये, हुक्केरी ४७ एल/१२ मध्ये. संकेश्वर तर जवळपास चार शीटच्या कोपऱ्यावर आहे. संकेश्वरकरांना आपल्या भोवतालचा मुलुख बघायचा तर चार कागद चिकटवावे लागतात. बेळगावची गंमत आणखी वेगळी. ७४ अंश ३० मिनिटांची रेषा शहराच्या अंगावरूनच जाते. हिंडलगा ४८ आय/५ मध्ये, तर किल्ला ४८ आय/९ मध्ये.

निपाणी ४७ मध्ये आणि बेळगाव ४८ मध्ये का? कारण दोघांच्या मधून १६ अंश उत्तर अक्षांश जातो. महामार्गाने निपाणीहून बेळगावला जाताना हत्तरगी आणि काकती यांच्या दरम्यान, वंटमुरी घाटाच्या आसपास, आपण तो ओलांडतो. तिथे पाटी नाही, नाका नाही, कुणी हटकत नाही. तरी जगभरच्या नकाशांत ही रेषा मोडपट्टीची आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत निपाणीचा मुलुख 'एन ई ४३' या चौकोनात येतो आणि बेळगावचा 'एन डी ४३' मध्ये. म्हणजे नकाशावाल्यांच्या लेखी दोन्ही गावं वेगळ्या पानांवर आहेत. फक्त ते पान फाटतं ते राज्याच्या हद्दीवर नव्हे. राज्याची हद्द उत्तरेला, कागल आणि कोगनोळीच्या मधे, आणि तिथे मात्र हद्दीच्या दोन्ही बाजू एकाच शीटवर आहेत. भांडणारे दोघे एकाच कागदावर, असं मी पोरांना सांगायचो.

तीन पायांचं टेबल

१९०५ नंतर एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे रंगीत नकाशे देशभर नव्याने करायचं ठरलं. 'वन इंच शीट' म्हणतात ती हीच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम मुख्यतः पायी आणि हाताने चालायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानातून घेतलेल्या फोटोंचा वापर वाढत गेला, पण फोटोत दिसणाऱ्या देवळाचं नाव काय, विहीर बांधीव की कच्ची, ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असतं की नाही, हे विचारायला माणसाला गावात जावंच लागायचं.

सर्व्हेयरचं मुख्य हत्यार म्हणजे प्लेन टेबल. तिवईवर बसवलेला सपाट फळा आणि त्यावर ताणून चिकटवलेला कागद. कागदावर आधीच्या त्रिकोणमितीय मोजणीतली चार-सहा ठिकाणं, बहुधा डोंगरमाथे, नेमक्या जागी टोचलेली असत. सर्व्हेयर एखाद्या माळावर टेबल मांडायचा, होकायंत्र लावून दिशा जुळवायचा, आणि फळ्यावरच्या पट्टीतून ओळखीच्या तीन माथ्यांकडे नेम धरून उलट रेघा ओढायचा. तीन रेघा जिथे एकमेकींना मिळतात तिथे आपण उभे. प्रत्यक्षात त्या एका बिंदूत क्वचितच मिळतात. मधे बारकासा त्रिकोण उरतो. तो घालवण्यासाठी टेबल केसभर फिरवायचं, पुन्हा रेघा ओढायच्या. जागा पक्की झाली की क्लिनोमीटरने माथ्याचा चढ-उतार कोन बघायचा, कागदावरून अंतर घ्यायचं, त्यावरून उंची काढायची. मग समोरचा डोंगर डोळ्यांनी बघत-बघत समोच्च रेषा तिथेच ओढायच्या. हंगाम दिवाळीनंतरचा, उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्यात कचेरीत बसून त्या रेघांवर शाई चढायची.

वेदगंगेकाठच्या एका गावात मला नव्वदीतले एक आजोबा भेटले होते. लहानपणी त्यांनी हे काम पाहिलेलं. त्यांचं बोलणं मी तसंच टिपून ठेवलं आहे. "तीन पायाचं टेबल मांडून सायेब बसायचा. आमाला वाटायचं फोटूवाला आलाय. आमी सगळी पोरं म्होरं जाऊन हुबी ऱ्हायलो. त्यो म्हनला, बाजूला व्हा रं, डोंगर दिसंना झालाय." त्यांच्या चुलत्याने चार आठवडे खलाशी म्हणून झेंडी धरली होती. खलाशी म्हणजे सर्व्हेच्या तुकडीतला मदतनीस. आपल्याकडे समुद्र नाही, पण खलाशी होते, हे ऐकून पोरांना फार मजा वाटायची.

समुद्राशी मात्र आपला एक संबंध आहेच. नकाशावरची प्रत्येक उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेली. देशातलं उंचीमापनाचं पहिलं जाळं १८५८ ते १९०९ या काळात पुरं झालं, आणि त्याला नऊ बंदरांतल्या समुद्रपातळीचा आधार होता. त्यातलं एक बंदर आपलं कारवार. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे असं आपण सहज म्हणतो, त्या अडीच हजारातला शून्य कारवारच्या आणि तशाच आठ बंदरांच्या पाण्यात आहे.

वन इंच शीटवर समोच्च रेषा साधारण ५० फुटांच्या अंतराने असत. गोकाकचा धबधबा १७० फुटांचा. म्हणजे घटप्रभा तिथे एका दमात तीन रेषा ओलांडते, आणि कड्याशी त्या रेषा एकमेकींना चिकटतात. उलट वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या काळ्या रानात मैलभर चाललं तरी एखादीच रेषा लागते. इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. २०१९ आणि २०२१च्या पुरात यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं तेव्हा काहींनी विचारलं, जुन्या नकाशावरून पूररेषा सांगता येईल का? ५० फुटांच्या दोन रेषांमध्ये १५ फुटांचा पूर सहज लपतो. नदीकाठ किती उंच हे सांगायला शीटवर ठिकठिकाणी छोटे आकडे दिलेले असतात, त्यांच्यापुढे इंग्रजी 'आर' हे अक्षर असतं. ती समुद्रापासूनची नव्हे, तर लगतच्या जमिनीपासूनची उंची किंवा खोली. ते आकडे उपयोगी पडतील, पण तेवढ्यावर घराचं जोतं ठरवू नये.

उंची एका कचेरीत, शेत दुसऱ्या कचेरीत

बरेच अभ्यासक टोपोशीटमध्ये आपलं शेत शोधतात आणि निराश होतात. शेत तिथे नसतंच. शेताचा नकाशा महसूल खात्याचा. मुंबई इलाख्यातली ही मोजणी विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांच्या पद्धतीने झाली. १८४७ सालच्या त्यांच्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. त्यांची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे नेमका एक एकर. आज सीमेच्या अलीकडे-पलीकडे उताऱ्याची नावं वेगळी झाली, पण गुंठा दोन्हीकडे तोच आहे, कारण साखळी तीच होती.

या महसुली नकाशात सर्व्हे नंबर आहेत, बांध आहेत, गावाची शीव आहे. डोंगराची उंची नाही. टोपोशीटवर उंची आहे, ओढे आहेत, गाडीवाटा आहेत. गावाची शीव सहसा नाही. म्हणजे आपल्या एकाच गावाचे दोन नकाशे दोन कचेऱ्यांत, आणि एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सीमेच्या गोष्टीत हाच मुद्दा येतो.

१९५६ : एकाच वर्षात दोन बदल

राज्य पुनर्रचना कायदा १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आला. कायद्याने बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका सोडून, नव्या म्हैसूर राज्यात घातला. नीट बघा, कायद्यात रेघ नाही. जिल्ह्यांची आणि तालुक्यांची नावं आहेत. मग नकाशावर ती रेघ आली कुठून? ती आधीच तिथे होती. निपाणी तेव्हाच्या चिकोडी तालुक्यात, बेळगाव जिल्ह्यात. कागल कोल्हापूर जिल्ह्यात. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं, तोवर हीच हद्द संस्थान आणि खालसा मुलुख यांच्यामधली होती. रायबागसारखं गाव कोल्हापूर संस्थानात असून पुढे बेळगाव जिल्ह्यात आलं, चंदगड बेळगाव जिल्ह्यात असून कोल्हापूरकडे गेलं, असे फेरफार झाले. पण कागल-कोगनोळीच्या बाजूला जुन्या हद्दीलाच नवा दर्जा मिळाला. आधी संस्थानाची, मग जिल्ह्याची, मग राज्याची. नकाशाच्या नव्या आवृत्तीत त्या जागेवर ठिपके आणि तुटक रेघांची रचना तेवढी बदलायची. त्यासाठी कुणी सर्व्हेयर टेबल घेऊन पुन्हा दूधगंगेकाठी आला असेल असं समजायचं कारण नाही. ते काम कचेरीत होतं.

म्हणून त्या तरुण मित्राला मला सांगायचं होतं, टोपोशीटवरची हद्द ही साक्ष नव्हे, ती नोंद आहे. त्या वेळी कायद्याने जे ठरलं होतं ते सर्व्हे ऑफ इंडियाने दाखवलं. 'काय व्हायला हवं होतं' हे तिथे शोधू नये. मराठी बाजूच्याने शोधू नये आणि कानडी बाजूच्यानेही नाही.

वाद पुढे कसा गेला ते आपल्याला माहीत आहे. मेहेरचंद महाजन आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला, ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. आयोगाने निपाणीसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला द्यावीत असं सुचवलं, बेळगाव म्हैसूरमध्येच ठेवावं असं म्हटलं. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यातलं बरोबर-चूक मी इथे मांडत नाही. नकाशाच्या अभ्यासकाला त्यात एक गोष्ट दिसते ती अशी : महाराष्ट्राची मागणी 'खेडं हा घटक' धरून, सलगता आणि भाषिक बहुसंख्या बघून सीमा ठरवावी अशी होती. म्हणजे वाद गावाच्या शिवेवर उभा, आणि टोपोशीटवर नेमकी तीच शीव नाही. तरी दोन्ही बाजूंचे लोक आपापसात भांडताना पुढे करतात ते टोपोशीटच!

त्याच १९५६च्या अखेरीस संसदेने मेट्रिक मापांचा कायदा केला. सर्व्हे ऑफ इंडियाने इंच-मैल सोडून १ : ५०,००० हे प्रमाण धरलं. आता दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. ४७ एल/७ची चौकट जमिनीवर तीच राहिली, पण कागदावर वाढली. उत्तर-दक्षिण सुमारे ४४ सेंटिमीटरची होती ती ५५ सेंटिमीटरची झाली. समोच्च रेषा मात्र उलट विरळ झाल्या. आधी ५० फूट, म्हणजे सव्वापंधरा मीटर. आता २० मीटर. नवा नकाशा मोठा म्हणून जास्त बारीक, असं धरून चालू नका. लहानशी टेकाडं, वाडीमागचा उंचवटा, हे जुन्या शीटवर दिसतं आणि नव्यावर दोन रेषांच्या मधे हरवतं, असंही होऊ शकतं.

पाणी चढलं तेव्हा

नदीखोऱ्याचा नकाशा आणि धरण यांचं नातं जगभर जवळचं आहे. अमेरिकेत अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या मुलखात १९३३ साली टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली. धरणं बांधायची तर पाणी कुठवर चढेल हे कळलं पाहिजे, म्हणून विमानातून फोटो घेऊन त्या खोऱ्याचे १ : २४,००० प्रमाणाचे नकाशे केले गेले. तिथल्या कित्येक खेड्यांचा नीट नकाशा झाला तो त्यांच्या बुडण्याच्या तोंडावर. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झालं.

आपल्या भागात हे हिडकलला घडलं. घटप्रभेवरचं हे धरण, राजा लखमगौडा जलाशय, १९७०च्या दशकात पूर्णत्वाला गेलं. ४७ एल/१२ची जुनी इंची आवृत्ती आणि नंतरची मेट्रिक आवृत्ती शेजारी ठेवली की पोटात कालवतं. जिथे वस्त्यांचे लाल ठिपके, देवळाची खूण, गाडीवाट होती, तिथे सपाट निळा रंग. जुन्या हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून वर येतं, आणि लोक बघायला जातात. बाकीच्या गोष्टी वर येत नाहीत.

माझ्या आईचं माहेर त्या पाण्याखाली आहे. घरात मराठी, मळ्यात कानडी, असं ते घर. एका स्नेह्याकडे जुन्या इंची शीटची प्रत होती. ती मी दोन दिवसांसाठी घरी आणली आणि आईसमोर पसरली. तिला नकाशा वाचता येत नव्हता. मी बोट धरून नदी दाखवली, मग ओढा, मग वस्ती. थोड्या वेळाने तिने स्वतःच बोट पुढे नेलं आणि म्हणाली, "हे मारुतीचं. ही इथली विहीर आमची न्हवं, पाटलाची. आमची हळ्ळाच्या मळ्यात, ती कुठाय?" हळ्ळ म्हणजे कानडीत ओढा. मळ्याला मराठी प्रत्यय आणि मराठी नाम, आणि पुढे कानडी हळ्ळ. तिला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. ओढा नकाशावर होता. त्याच्या काठाला विहिरीची खूण नव्हती, नावही नव्हतं.

मी आधी म्हटलं, "सर्व्हेयरकडून राहिली असेल." आई म्हणाली, "राहील कशी? तुझ्या मामाच्या लग्नाच्या साली खणली." मामाचं लग्न झालं ते शीटच्या समासात लिहिलेल्या मोजणीच्या सालानंतर. म्हणजे सर्व्हेयर चुकला नव्हता. विहीर नकाशापेक्षा धाकटी होती. आणि पुढची मोजणी झाली तेव्हा तिच्यावर पाणी होतं. दोन मोजण्यांच्या मधे ती खणली गेली, तिच्यावर मोट चालली, ऊस भिजला, आणि ती बुडाली. कुठल्याच नकाशावर ती कधी आली नाही. खुणांना वय असतं हे मी शिकलो ते त्या दुपारी. तीस वर्षं शिकवून झाल्यावर!

समास वाचा

आता कामाचं. जुनं शीट हातात आलं तर आधी समास वाचावा. तिथे मोजणीचं साल आणि छपाईचं किंवा आवृत्तीचं साल वेगवेगळं दिलेलं असतं. या दोहोंत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. नव्या आवृत्तीत सीमा, रस्ते, राज्यांची नावं सुधारलेली असतात, पण विहिरी, झाडं, वाड्या जुन्या मोजणीतल्याच राहिलेल्या असू शकतात. सीमा नवी, विहिरी जुन्या, असा तो कागद असतो.

समास कापलेला असेल तर राज्यांच्या नावावरून छपाईचा काळ ठरवता येतो. निपाणीच्या उत्तरेला हद्दीवर मुंबई आणि म्हैसूर अशी नावं असतील तर आवृत्ती १९५६ ते १९६० मधली. महाराष्ट्र आणि म्हैसूर असेल तर १ मे १९६० नंतरची आणि १ नोव्हेंबर १९७३च्या आधीची. महाराष्ट्र आणि कर्नाटक असेल तर त्यानंतरची. राज्याची हद्दच नसेल, फक्त जिल्ह्याची असेल, तर १९५६च्या आधीची. खानापूरच्या पश्चिमेला गोव्याच्या बाजूने परदेशाची हद्द दाखवली असेल, तर ते शीट डिसेंबर १९६१ आधीच्या परिस्थितीचं आहे. उंची फुटांत की मीटरमध्ये, हाही एक पुरावा. पण ध्यानात ठेवा, यातून कळतो तो छपाईचा काळ, मोजणीचा नव्हे.

घरबसल्या बघायचं असेल तर दोन वाटा आहेत. अमेरिकन लष्कराच्या नकाशाखात्याने १९५०च्या दशकात 'यू ५०२' नावाची १ : २,५०,००० प्रमाणाची मालिका केली. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती इंटरनेटवर खुली ठेवली आहे. ते नकाशे मुख्यतः सर्व्हे ऑफ इंडियाच्याच नकाशांवरून बेतलेले, म्हणून तिथली एखादी वाट १९५०च्या दशकातली नसून कितीतरी जुनी असू शकते. दुसरी वाट, २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्व्हे ऑफ इंडियाने काढलेले १ : ५०,०००चे ओपन सिरीज नकाशे, ते त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यांची क्रमांकपद्धत नवी आहे, डी ४३ आणि ई ४३ने सुरू होणारी. पण मधली १६ अंशांची मोडपट्टी तीच.

जुनं शीट आजच्या उपग्रहचित्रावर ठेवणाऱ्यांना एक सूचना. जुन्या नकाशांचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टने १८३०च्या सुमारास धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. मोबाईलमधलं जीपीएस वेगळा आकार धरतं. दोन्हींचे आकडे तसेच जुळवले तर आपल्या भागात शंभराहून अधिक मीटरचा फरक पडतो. एवढ्यात देऊळ ओढ्याच्या पलीकडे जातं. "नकाशा चुकीचा आहे" असं म्हणायच्या आधी हा फरक काढून टाकावा.

आणि पेन्सिल

मंडळापुढे माझा प्रस्ताव साधा आहे. ४७ एल/६, ७, ८, ११, १२ आणि ४८ आय/५, ९ या सात शीटच्या मिळतील तेवढ्या आवृत्त्यांच्या प्रती जमवाव्यात. प्रत्येक प्रतीवर मोजणीचं आणि छपाईचं साल ठळक लिहावं. मग त्या घेऊन गावोगाव जावं. सीमेच्या दोन्ही बाजूंना जावं, कारण वेदगंगा मुरगूडहून निपाणीकडे येताना कुणाला विचारून येत नाही. ऐंशीच्या पुढची माणसं गाठावीत. त्यांच्या तोंडून मळ्यांची, पाणंदींची, ओढ्यांची, माळांची नावं घ्यावीत. ती ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत, सुधारून न घेता. विहीर कुठल्या साली खणली हे विचारावं. साल आठवत नसेल तर कुणाच्या लग्नाच्या वर्षी, कुठल्या पुरानंतर, असं विचारावं. ती माहिती पेन्सिलीने प्रतीवर लिहावी आणि सांगणाऱ्याची तारीख घालावी, म्हणजे उद्याच्या वाचकाला त्या खुणेचंही वय कळेल.

हे काम अजून पाच-दहा वर्षंच होण्यासारखं आहे. टेबलासमोर फोटोसाठी उभे राहिलेले ते आजोबा आता नाहीत. माझी आईही गेली. शीट स्नेह्याला परत करायच्या आधी मी तिची झेरॉक्स काढून घेतली होती. तिच्यावर घटप्रभेच्या ओढ्याकाठी पेन्सिलीने एक बारकं वर्तुळ आहे, शेजारी 'हळ्ळाचा मळा, आमची विहीर' एवढंच, आणि खाली ती दुपारची तारीख. अक्षर माझं आहे, जागा तिने दाखवलेली.